आतडं-मूत्राशय फिस्टुला: सीटी करताना या चुका टाळा

लघवीतून हवा जाते, मळाचे कण येतात आणि अँटिबायोटिक संपलं की इन्फेक्शन पुन्हा उलटतं, असा पेशंट आला की आतडं आणि मूत्राशय यांच्यात वाट (फिस्टुला) पडली आहे का, हे सीटीवर बघतात. पेशंट मात्र ‘हवा’ म्हणत नाही, ‘फेस येतो’ म्हणतो आणि तपास लघवीतल्या प्रोटीनकडे वळतो. बुडबुडे फुटतात का, असं थेट विचारा.

सीटीवरची सगळ्यात बोलकी खूण म्हणजे मूत्राशयातली हवा, आणि फसगतही तिथेच होते. कॅथेटर (लघवीची नळी) घालताना किंवा सिस्टोस्कोपीत (दुर्बिणीने मूत्राशय तपासताना) हवा आत शिरते आणि रिपोर्टमध्ये फिस्टुला उमटतो. जमेल तर कॅथेटरआधीच सीटी करा; घातलेला असेल तर कधी घातला ते फॉर्मवर लिहा. डायबेटिसच्या पेशंटमध्ये हवा मूत्राशयाच्या भिंतीत दिसली, तर गॅस करणाऱ्या जंतूंचं इन्फेक्शन आधी आठवा.

क्रम चुकला तर अख्खा स्कॅन वाया. शिरेतून दिलेला काँट्रास्ट (स्कॅनमध्ये पांढरं दिसणारं औषध) किडनीवाटे काही मिनिटांत मूत्राशयात उतरतो. मग तिथलं पांढरं आतड्यातून आलं की किडनीतून, कोण सांगणार? आधी आतड्यात काँट्रास्ट, मग ओटीपोटाचा स्कॅन, शिरेतलं इंजेक्शन त्यानंतर. तोंडाने दिलेला काँट्रास्ट तासाभरात सिग्मॉइडपर्यंत (मोठ्या आतड्याच्या शेवटच्या वळणापर्यंत) पोचत नाही, म्हणून तो गुदमार्गाने द्या: लिटरभर पाण्यात 20 ते 30 मिली आयोडीनचा काँट्रास्ट, पिशवी टांगून, हळूहळू, जोर न लावता. बेरियम नकोच, सीटीवर रेघा उठतात आणि आतड्याला भोक असेल तर ते पोटात सांडतं. क्रोन्समुळे (आतड्याला सूज आणणारा दीर्घ आजार) लहान आतड्याचा संशय असेल तेव्हा मात्र तोंडानेच.

कॅथेटरमधून काँट्रास्टने मूत्राशय भरून केलेला सीटी नॉर्मल आला तरी निर्धास्त होऊ नका. दाब आतड्यात जास्त असल्याने प्रवाह बहुधा मूत्राशयाकडेच असतो. फिस्टुलाची वाट स्वतः अनेकदा दिसतच नाही. मूत्राशयाची एका जागी जाडावलेली भिंत, बहुधा वर डावीकडे, आणि तिला चिकटलेला सुजलेला सिग्मॉइड शोधा. 1 ते 1.5 मिमीचे काप, सॅजिटल (बाजूने) आणि कोरोनल (समोरून) कापांसकट. लंग विंडो (फुप्फुसं बघायचं स्क्रीनचं सेटिंग) लावा, नाहीतर बारीक बुडबुडा चरबीत हरवतो.

मुंबईत सीटी एका सेंटरला आणि ऑपरेशन भलत्याच हॉस्पिटलात, हे नेहमीचंच. पिशवीतल्या जाड कापांच्या फिल्मवर असा बुडबुडा दिसत नाही, सीडी मागा.

फिस्टुलाचं कारण बहुतेकदा डायव्हर्टिक्युलायटिस (मोठ्या आतड्याच्या भिंतीतल्या छोट्या पिशव्यांची सूज), पण आतड्याचा कॅन्सरही सीटीवर हुबेहूब तसाच दिसू शकतो. ऑपरेशन ठरवण्याआधी, सूज ओसरल्यावर कोलोनोस्कोपी करून घ्या.