बाबांचा प्रोस्टेटचा एमआरआय आहे? मग आधी ही तयारी करून ठेवा

रक्तातलं पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारं प्रथिन) वाढलंय म्हणून प्रोस्टेटचा एमआरआय सांगितला असेल तर अपॉइंटमेंट घेतानाच दोन गोष्टी सांगून टाका, बायोप्सी (सुईने तुकडा काढून तपासणं) आधी झालीये का आणि अंगात कुठे धातू आहे का. बायोप्सी झाली असेल तर आत रक्त साकळलेलं असतं, ते फोटोत गोंधळ घालतं, म्हणून शक्यतो सहा-आठ आठवडे थांबतात. खरं तर एमआरआय आधी आणि बायोप्सी नंतर हाच क्रम बरा, 2018 साली प्रसिद्ध झालेल्या प्रिसिजन नावाच्या अभ्यासात 500 पुरुष होते, त्यात ज्यांचा एमआरआय आधी केला त्यातल्या 28 टक्के लोकांना बायोप्सी लागलीच नाही, आणि तरी थेट बायोप्सी केलेल्यांपेक्षा महत्त्वाचे कॅन्सर उलट जास्त सापडले.

धातू म्हणजे पेसमेकर, मेंदूतली क्लिप, कानातलं इम्प्लांट, स्टेंट, जे असेल त्याचं कार्ड सोबत घ्या. खुबा बदललेला असेल तर नक्की सांगा, तो प्रोस्टेटच्या शेजारीच येतो आणि फोटो वाकडा करतो. ज्यांनी कारखान्यात ग्राइंडिंग-वेल्डिंग केलंय त्यांच्या डोळ्यात कधी कण गेला होता का तेही विचारा, बाबा लोक हे आपणहून सांगत नाहीत. करदोडा, ताईत, कवळी, कानाचं मशीन, खिशातली चुन्याची डबी, हे सगळं घरीच ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, पोट साफ. या तपासणीत डिफ्युजन नावाचा भाग असतो, तो पेशींमधलं पाणी किती मोकळं हलतंय ते बघतो, कॅन्सरमध्ये पेशी एकमेकींना चिकटून दाटीवाटीने असतात म्हणून पाणी अडतं आणि एडीसी नावाच्या नकाशावर ती जागा काळी दिसते. बहुतेक कॅन्सर प्रोस्टेटच्या बाहेरच्या भागात होतात, तो भाग गुदाशयाला चिकटूनच असतो, आणि तिथे गॅस असला की नेमका हाच फोटो ताणला जातो, विस्कटतो. म्हणून आदल्या दिवशी हलकं जेवण, राजमा, हरभरा, उसळ, सोडा नको. सकाळी शौचाला जाऊन या आणि आत जायच्या आधी परत एकदा जा, त्यात लाजण्यासारखं काहीच नाही. बद्धकोष्ठ असेल तर सेंटरला विचारा, एनिमा मनाने घेऊ नका, सगळीकडे देत नाहीत. लघवीही आधी करून घ्या, ब्लॅडर तुडुंब भरलेली असली की माणूस चुळबुळतो आणि हलला की फोटो हलला. आतड्याची हालचाल थांबवायला कधीकधी इंजेक्शन देतात, काचबिंदू, हृदयाचा त्रास किंवा लघवी अडकत असेल तर ते आधीच सांगा.

कागद म्हणाल तर पीएसएचे सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून, जुना एमआरआय असेल तर त्याची सीडी, कॉन्ट्रास्ट (शिरेतून द्यायचं औषध) द्यायचं असेल तर क्रिएटिनिन म्हणजे किडनीची रक्ततपासणी, आणि गोळ्यांची यादी. ड्युटास्टेराइड किंवा फिनास्टेराइड या प्रोस्टेटच्या गोळ्या चालू असतील तर ते लिहाच, त्यांनी काही महिन्यांत पीएसए साधारण निम्मं दिसतं. शुगरच्या गोळ्या बंद करायच्या का, उपाशी किती तास राहायचं, हे ज्या त्या सेंटरला विचारायचं. बंद जागेची भीती वाटत असेल तर तेही आधी बोला, मशीनचा आवाज मोठा असतो, कानाला प्लग देतात, अर्धा पाऊण तास जातो.

रिपोर्टमध्ये पायरॅड्स 1 ते 5 असा आकडा येतो, 4-5 म्हणजे संशय जास्त, 3 म्हणजे मधलं. 5 दिसला म्हणून तिथेच रडू नका, जंतुसंसर्गाची सूजही डिफ्युजनमध्ये अशीच दिसू शकते, कॅन्सर आहे की नाही ते बायोप्सीच सांगते. आणि निघताना फक्त फिल्म घेऊन येऊ नका, सीडी मागून घ्या, पुढे बायोप्सी करायची झाली तर सुई कुठे घालायची हे डॉक्टर त्याच फोटोंवरून ठरवतात.