डबल ग्लेझिंगच्या काचेत पाणी शिरलंय? खिडकी राहू द्या, काच बदला

इंग्लंडात घर घेतलेल्या मराठी कुटुंबांच्या गप्पांत बॉयलर आणि कौन्सिल टॅक्सच्या मागोमाग खिडक्यांचा विषय येतोच. 'काचेत पाणी शिरलंय, माणूस येऊन बघून गेला, सगळ्या खिडक्या बदला म्हणतोय,' असं कुणी सांगितलं की मी आधी विचारते, फ्रेम कशी आहे? खिडकी नीट उघडते का, घट्ट बंद होते का, लॉक लागतो का? तसं असेल तर आख्खी खिडकी बदलायचं काही कारण नाही. बिघडलंय ते दोन काचांचं बंद युनिट, आणि ते मापाप्रमाणे बनवून मिळतं. यूपीव्हीसीच्या (कडक प्लास्टिकच्या) फ्रेमला बीडिंग, म्हणजे काच धरून ठेवणाऱ्या पट्ट्या, आतल्या बाजूनं असेल आणि काच फार मोठी नसेल, तर ते घरच्या घरी बसवताही येतं. मिल्टन कीन्समधल्या आमच्या घराच्या खालच्या मजल्यावरच्या खिडक्या मी अशाच जमेल तशा दुरुस्त करत आले आहे.

पण हात घालण्याआधी पाणी नक्की कुठे आहे ते बघा. मागे सासूबाई इथे आल्या होत्या, तेव्हा ओल्या फडक्यानं पाठच्या खोलीची खिडकी पुसत होत्या. आतून पुसली, बागेत जाऊन बाहेरून पुसली, तरी काच धुरकटच. 'अगं, हे मधलं कसं पुसायचं?' म्हणाल्या. तेच तर निदान! आतून पुसून जात नाही आणि बाहेरूनही जात नाही, म्हणजे ओलावा दोन काचांच्या मध्ये आहे आणि युनिटचं सील गेलंय.

खोलीच्या बाजूनं पाणी धरत असेल तर काचेला दोष देऊ नका. वरण-भाताचा कुकर, अंघोळीची वाफ, रेडिएटरवर वाळत घातलेले कपडे, यांचा सगळा दमटपणा घरातल्या सर्वांत थंड जागी जाऊन बसतो, आणि ती जागा म्हणजे काच. स्वयंपाक करताना एक्स्ट्रॅक्टर लावा. खिडकीच्या वरच्या कडेला ट्रिकल व्हेंट (हवा खेळती ठेवणारी बारीक फट) असेल तर तो उघडा ठेवा. आपल्या ओळखीच्या अनेक घरांत थंडी येते म्हणून तो टेपनं बंद केलेला असतो, आणि मग कोपऱ्यात काळी बुरशी धरते. उलट शरद ऋतूतल्या निरभ्र रात्रीनंतर सकाळी काचेच्या बाहेरच्या बाजूला दव दिसलं, तर खुश व्हा. घरातली ऊब बाहेरच्या काचेपर्यंत पोचतच नाही, म्हणून ती काच थंड राहते आणि तिच्यावर दव पडतं.

आता सील जातं म्हणजे काय होतं? युनिटमध्ये दोन काचांच्या मध्ये कडेनं एक पोकळ पट्टी असते, स्पेसर बार. तिच्या आत ओलावा शोषणारे बारीक दाणे भरलेले असतात. पट्टीच्या दोन्ही बाजूंना ब्यूटाइलचा चिकट थर आणि बाहेरून दुसरं जाड सीलंट. मध्ये हवा किंवा आर्गॉन वायू. ऊन-थंडीनं काचा रोज किंचित फुगतात, आक्रसतात, त्यामुळे सील हळूहळू थकतं. तरी सुरुवातीला दिसत काहीच नाही, कारण आत येणारा ओलावा ते दाणे पिऊन टाकतात. दाणे तृप्त झाले की मग धुकं दिसायला लागतं. म्हणजे काच धुरकट दिसते तेव्हा सील जाऊन बराच काळ लोटलेला असतो.

सील वेळेआधी जाण्याचं एक मोठं कारण काचेत नसून फ्रेममध्ये असतं, आणि नवीन काच बसवणारे पुष्कळजण त्याकडे बघतच नाहीत. यूपीव्हीसीच्या फ्रेममध्ये थोडं पावसाचं पाणी शिरणारच, हे धरूनच ती बनवलेली असते. ते पाणी खालच्या पोकळीतून बाहेरच्या छोट्या भोकांवाटे निघून जायला हवं. ही भोकं माती, शेवाळ, कोळ्याची जाळी, कधी रंगकाम करणाऱ्यानं भरलेलं सिलिकॉन, यांनी बुजतात. मग युनिटची खालची कड महिनोन् महिने पाण्यात उभी राहते आणि सीलंट सुटतं. आधी ही भोकं मोकळी केल्याशिवाय नवीन काच बसवली तर तीही त्याच वाटेनं जाणार.

काचेला बारीक भोक पाडून आतला ओलावा काढून देणारेही लोक असतात. धुकं त्यानं जातं, पण गेलेला आर्गॉन परत येत नाही, आणि टफन्ड (तापवून कणखर केलेल्या) काचेला भोक पाडता येत नाही. पाडायला गेलं तर ती क्षणात चुरा होते. मी त्या वाटेला जात नाही. तेवढ्यासाठी खर्च करण्यापेक्षा युनिट बदललेलं बरं.

तडा गेला असेल तरी तेच. दोनपैकी एकच काच फुटली तरी बदलायचं आख्खं युनिट. फक्त तडा कसा गेलाय ते बघा. दगड किंवा चेंडू लागला असेल तर एका बिंदूपासून चांदणीसारख्या रेघा फुटतात. एकच रेघ काचेच्या कडेशी काटकोनात सुरू होऊन पुढे वाकडी-तिकडी गेली असेल, तर तो उष्णतेच्या ताणाचा तडा असण्याची शक्यता जास्त. काचेचा मधला भाग तापतो, फ्रेममध्ये दडलेली कड थंड राहते, आणि कडेवर आधीच एखादा बारीक टवका असेल तर तिथून काच जाते. काचेला चिकटवलेली गडद फिल्म किंवा अगदी लागून सोडलेला जाड पडदा अशा वेळी कारण ठरतो. नवीन काच येण्याआधी ते काढा.

माप हा या कामाचा जीव आहे. दिसणारी काच मोजून चालत नाही, कारण चारी बाजूंनी काचेचा भाग बीडिंगच्या मागे असतो. बीडिंग काढायचं, फ्रेमच्या आतल्या खाचेची रुंदी तीन ठिकाणी आणि उंची तीन ठिकाणी मोजायची, रुंदीचं सर्वांत लहान आणि उंचीचं सर्वांत लहान माप घ्यायचं आणि प्रत्येकातून १० मिमी वजा करायचे, म्हणजे प्रत्येक बाजूला ५ मिमी मोकळे राहतात. जुनं युनिट बाहेर काढता आलं तर तेच मोजा आणि दोन्ही मापं जुळतात का बघा. मापं मिलिमीटरमध्येच द्या, इंचाच्या नादी लागू नका. आणि रुंदी आधी, उंची नंतर. दुकानदार तसंच धरतो, आणि उलटं सांगितलं तर आडवी काच हातात पडेल.

जाडीही तितकीच महत्त्वाची. नेहमीचं युनिट २८ मिमी असतं: ४ मिमी काच, २० मिमी पोकळी, ४ मिमी काच. जुन्या खिडक्यांत २४ किंवा २० मिमीही सापडतं. जुन्याची जेवढी तेवढीच नव्याची जाडी हवी, कारण बीडिंग त्या जाडीसाठीच बनवलेलं असतं. स्पेसर बारवर बारकाईनं पाहिलंत तर बऱ्याचदा बनवल्याचं साल किंवा मानकाचा क्रमांक छापलेला दिसतो. आमच्या एका काचेवर '०४' होतं, म्हणजे तिनं तिचं काम चोख केलं होतं.

ऑर्डर देताना लो-ई काच (घरातली उष्णता आत राखणारा पातळ थर दिलेली), आर्गॉन आणि धातूऐवजी वॉर्म एज स्पेसर (कडेनं उष्णता कमी जाऊ देणारा) मागा. दाराची काच जमिनीपासून १५०० मिमीच्या आत असेल, दाराच्या कडेपासून ३०० मिमीच्या आत बाजूची काच तेवढ्याच उंचीपर्यंत असेल, किंवा खिडकीची काच जमिनीपासून ८०० मिमीच्या खाली येत असेल, तर तिथे सेफ्टी ग्लास, म्हणजे टफन्ड किंवा लॅमिनेटेड (मध्ये पारदर्शक थर असलेली) काच घ्यायची. इंग्लंडच्या बिल्डिंग रेग्युलेशन्सच्या भाग के मध्ये या जागा दिल्या आहेत. घरात लहान मूल असेल तर यात अजिबात तडजोड नको. टफन्ड काच बनल्यावर कापता येत नाही, म्हणून माप पुन्हा एकदा तपासा. जुन्या काचेच्या कोपऱ्यात शिक्का कोरलेला असेल तर ती टफन्ड किंवा लॅमिनेटेड आहे, तिच्या जागी साधी काच लावू नका.

कागदपत्रांची भीती बाळगू नका. फ्रेम तशीच ठेवून फक्त काचेचं युनिट बदलायला फेन्सा या खिडक्या बसवणाऱ्यांच्या नोंदणी योजनेचं प्रमाणपत्र लागत नाही. ते किंवा कौन्सिलची मंजुरी लागते आख्खी खिडकी बदलताना, हा नियम एप्रिल २००२ पासूनचा. घर लिस्टेड (वारसा म्हणून संरक्षित) असेल तर मात्र आधी कौन्सिलला विचारा.

वजनाचा हिशेब आधी करा. काचेचं वजन दर चौरस मीटरला, दर मिलिमीटर जाडीला २.५ किलो. म्हणजे ४ मिमीच्या दोन काचांचं १ मीटर बाय १.२ मीटरचं युनिट २४ किलोचं. एवढं धरायला दोघं हवेतच. वरच्या मजल्यावरची, बाहेरून बीडिंग असलेली खिडकी मी करत नाही. शिडीवर उभं राहून काच पेलणं हे घरच्या माणसाचं काम नव्हे, तिथे ग्लेझर बोलवा.

सामान थोडंच लागतं: रुंद पात्याचा स्क्रेपर, नायलॉनचा हातोडा, वेगवेगळ्या जाडीचे प्लास्टिकचे पॅकर (काच आणि फ्रेमच्या मध्ये ठेवायचे चपटे तुकडे), जाड हातमोजे, चष्मा, बंद बूट. दिवस कोरडा आणि फार थंड नसलेला निवडा, कारण कडाक्याच्या थंडीत यूपीव्हीसी ठिसूळ होतं आणि बीडिंग चिरतं. काच फुटलेली असेल तर आधी दोन्ही बाजूंनी रुंद टेप आडवी-उभी चिकटवा.

सुरुवात सर्वांत लांब पट्टीपासून, आणि तिच्याही मध्यापासून. स्क्रेपर बीडिंग आणि फ्रेम यांच्या मधल्या रेघेत घालायचा. काच आणि बीडिंगच्या मध्ये नाही. हातोड्यानं हलकेच ठोकून पातं आत गेलं की ते फ्रेमकडून काचेच्या दिशेनं कलतं करायचं, पट्टी टक्‌ करून सुटते आणि मग कमानीसारखी वाकवून दोन्ही टोकं निघतात. प्रत्येक पट्टीच्या पाठीवर पेन्सिलीनं 'वर', 'खाली', 'डावी', 'उजवी' लिहून ठेवा. काही जुन्या खिडक्यांत काच दुहेरी टेपनंही चिकटवलेली असते, ती पातळ ब्लेडनं कापावी लागते. काच काढण्याआधी पॅकर कुठे कुठे आहेत त्याचा फोटो घ्या.

काच बाहेर आली की खाच हूव्हर करा. बाहेरची भोकं बारीक तारेनं किंवा केबल टायनं मोकळी करा. मग कपभर पाणी खालच्या खाचेत ओता आणि बाहेर जाऊन बघा. धार लगेच दिसली पाहिजे. नुसतंच थेंब थेंब येत असेल तर आत अजून काहीतरी अडकलंय, पुन्हा तार घाला. हे झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

काच फ्रेमला कुठेच टेकता कामा नये, ती पॅकरवर उभी राहते. खाली दोन पॅकर, कोपऱ्यांपासून थोडे आत, आणि पाण्याची वाट न अडवणारे. पॅकर युनिटच्या जाडीइतका रुंद हवा, म्हणजे दोन्ही काचा त्यावर बसतात. अरुंद पॅकरवर एकच काच टेकली, तर दुसरी स्वतःच्या वजनानं खाली ओढत राहते आणि सील कातरलं जातं.

कायम बंद असलेल्या खिडकीचं एवढ्यावर भागतं. बाजूला बिजागरी असलेल्या उघडत्या खिडकीत काचच झडपेला ताठ ठेवते. शेतावरच्या फाटकाला तिरकी फळी मारतात ना, तेच काम इथे काच करते. म्हणून एक पॅकर बिजागरीच्या बाजूला खालच्या कोपऱ्यात आणि दुसरा त्याच्या तिरक्या समोर, हँडलच्या बाजूला वरच्या कोपऱ्यात. दोन्ही घट्ट बसवले की झडप हँडलच्या बाजूनं किंचित वर उचलली जाते. बीडिंग लावण्याआधी खिडकी उघडून-मिटून बघा. खाली घासत असेल तर वरचा पॅकर थोडा जाड घाला.

काचेची आतली-बाहेरची बाजू चुकवू नका. बहुतेक युनिटवर स्टिकर असतो. नसेल तर संध्याकाळी काचेसमोर लायटर धरा: ज्योतीची चार प्रतिबिंबं दिसतात आणि त्यांतलं एक वेगळ्या रंगाचं असतं, तो लो-ईचा थर. ब्रिटनमध्ये तो सहसा आतल्या काचेवर, पोकळीच्या बाजूला ठेवतात, म्हणजे बाहेरून मोजलं तर तिसरं प्रतिबिंब.

बीडिंग लावताना क्रम उलटा: आधी आखूड पट्ट्या, मग लांब. लांब पट्टीची दोन्ही टोकं आधी कोपऱ्यांत घालायची, मधला फुगवटा हातानं दाबायचा आणि हातोडा काचेपासून लांब, फ्रेमच्या कडेनं मारायचा. शेवटची पट्टी हट्टी असते. रबरी गास्केटला (काचेला लागून असलेल्या रबराच्या पट्टीला) भांडी धुण्याच्या साबणाचं पाणी लावा, ती सरकते.

लाकडी फ्रेम असेल तर जुनी जवसाच्या तेलाची पुट्टी वापरू नका, ते तेल युनिटचं सील खातं. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉनही नको, न्यूट्रल क्युअर असं लिहिलेलं घ्या.

काच स्वच्छ, तरीही वारा येतो? मग दोष बिजागरीत किंवा गास्केटमध्ये. झडपेत कागदाची पट्टी धरून खिडकी बंद करा. कागद सहज निघतो तिथे फट आहे. बिजागरी सैल झाली असेल तर नवीन घेताना तिची लांबी आणि मिटलेल्या अवस्थेतली जाडी बघा, ती १३ किंवा १७ मिमी असते. नेहमीच्या हँडलच्या दोन स्क्रूंमधलं अंतर ४३ मिमी असतं, मोजायची ती मधल्या चौकोनी दांड्याची लांबी.

जुनी काच बाटल्यांच्या डब्यात टाकू नका, खिडकीची काच बाटल्यांबरोबर वितळत नाही. जाड चादरीत गुंडाळून कौन्सिलच्या रीसायकलिंग सेंटरला न्या, आणि आधी त्यांच्या वेबसाइटवर खिडकीच्या काचा घेतात का ते बघा.