डाळिंबाची छाटणी चालू करायच्या आधी कात्रीची बादली बघा

हस्त बहार, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात धरायचा डाळिंबाचा बहार, धरणाऱ्यांसाठी. इंदापूर, बारामती, दौंड, पुरंदर सगळीकडं पाऊस गेला गेला म्हणताना परत येतोय आणि नेमक्या आत्ताच छाटणीच्या टोळ्या बागेत उतरल्यात. पानं ओली असतील तर कात्री लावू नका, टोळी दुसरीकडं गेली तर जाऊ द्या. तेल्या म्हणजे डाळिंबावरचा तेलकट डाग रोग, त्याचा जिवाणू थेंबाबरोबर उडतो आणि ताज्या कापातनं आत शिरतो, एकदा आत गेला की वरनं कितीही भारी औषध मारा, त्याच्यापर्यंत पोचत नाही.

आता बादलीचं. ज्या बागा तेल्यानं जाताना बघितल्यात तिथं बहुतेक वेळा कात्री निर्जंतुक करायचं हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) होतंच, पण सकाळी केलेली एकच बादली दिवस मावळेपर्यंत, तीही उन्हात, आणि पाणी चहासारखं झालेलं. अहो, सोडियम हायपोक्लोराइटमधला क्लोरीन जिवाणूचं आवरण आणि आतली प्रथिनं मोडतो हे खरं, पण त्याला जिवाणू कुठला आणि माती, रस, सालपट कुठलं ते कळत नाही, जे आधी भेटेल त्याच्यावर तो खर्च होऊन जातो आणि उरलेला उन्हानं उडतो. मग त्या पाण्यात कात्री बुडवून तुम्ही रोग या झाडावरनं त्या झाडावर नेताय, दुसरं काही नाही.

म्हणून दोन बादल्या ठेवा, पहिलीत साधं पाणी आणि ब्रश, दुसरीत 1 टक्का हायपो. बाजारात 5 टक्क्याचं मिळालं तर 1 लिटरला 4 लिटर पाणी, 10 टक्क्याचं असेल तर 9 लिटर. जुना कॅन घेऊ नका, ठेवून ठेवून जोर कमी होतो. आणि प्रत्येक गड्याला दोन कात्र्या द्या, एक हातात, एक बादलीत, कारण नुसतं बुचकळून काढलं तर जंतू मरायला वेळच मिळत नाही. वास गेला किंवा पाणी गढूळ झालं की ओतून द्या, हा माझा अंदाज आहे, शिफारस नाही, पण मी तरी यावरच चालतो. सावलीत ठेवा, झाकण ठेवा. ॲसिड किंवा संडास साफ करायचं लिक्विड त्यात चुकूनही मिसळू नका, विषारी वायू निघतो. संध्याकाळी कात्र्या धुऊन तेल लावा, नाहीतर गंजतात.

बाकी नेहमीचंच:
- रोगट झाडं सगळ्यात शेवटी छाटा
- पडलेली पानं, फळं, काड्या वेचून जाळा
- त्याच दिवशी 1 टक्का बोर्डो मिश्रण फवारा (मोरचूद 1 किलो, कळीचा चुना 1 किलो, पाणी 100 लिटर), भांडं प्लास्टिकचं
- फवारायच्या आधी त्या बोर्डोत विळा बुडवून बघा, तांबूस थर आला तर चुना वाढवा
- जाड कापावर 10 टक्के बोर्डो पेस्ट

दुकानदार "थ्री इन वन सॅनिटायझर" आणि अँटिबायोटिकच्या पुड्या पुढं करेल, सोबत टॉनिक. लेबलवर घटक काय ते विचारा, सांगता आलं नाही तर उठून या. अँटिबायोटिक सारखं सारखं मारलं की जिवाणू त्याला दाद देईनासा होतो, मग पुढच्या वर्षी त्याहून महागाची पुडी.

टोळी दुसऱ्याच्या बागेतनं येत असेल तर त्यांच्या कात्र्या बांधावरच धुवून घ्या, राग आला तर येऊ द्या.