कपाशीवरील सल्ला घेताना या चुका टाळा

कपाशीच्या हंगामात सल्ल्याला तोटा नसतो. कृषी सेवा केंद्राचा चालक, कंपनीचा प्रतिनिधी, विद्यापीठाचे शास्त्रज्ञ, यूट्यूबवरचे मार्गदर्शक आणि गावातले प्रगतिशील शेतकरी हे सगळेच आपापल्या परीने तज्ज्ञ असतात. त्यांचे ऐकू नये, असे कोणी म्हणणार नाही. मात्र सल्ला कोणत्या निरीक्षणावर आधारलेला आहे, हे न विचारता तो अमलात आणणे महागात पडते.

फोटो पाहून झालेले निदान मान्य करणे

पाने लाल पडली की शेतकरी व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवतो आणि दोन मिनिटांत ‘मॅग्नेशियम सल्फेट फवारा’ असे उत्तर येते. हे उत्तर बरोबर असू शकते, परंतु लाल्याची, म्हणजे पाने लाल पडण्याच्या विकृतीची, कारणे अनेक आहेत. मॅग्नेशियम कमी पडल्यास खालची, जुनी पाने शिरांच्या मधल्या भागात लाल होतात आणि शिरा हिरव्या राहतात. तुडतुड्यांचा (पानांतला रस शोषणाऱ्या किडीचा) प्रादुर्भाव असल्यास पानांच्या कडा खाली मुडपतात व तिथून लाली सुरू होते. नत्राची कमतरता, पाण्याचा ताण आणि रात्रीची थंडी यांनीही पाने लाल होतात. लाली कोणत्या पानांपासून सुरू झाली आणि पान उलटे केल्यावर खाली काय दिसते, या दोन प्रश्नांची उत्तरे फोटोत सहसा नसतात. ती शेतात उभ्या असलेल्या माणसालाच देता येतात. फोटोसोबत एवढे कळवले, तर चांगला सल्लागारही अधिक नेमके सांगू शकतो.

‘कधी’ न विचारता ‘काय’ विचारणे

दुकानात विचारला जाणारा नेहमीचा प्रश्न म्हणजे ‘कोणते औषध देऊ?’ फवारणीची गरज आहे का, हा त्याआधीचा प्रश्न मागे राहतो, आणि औषध विकणाऱ्याने तो स्वतःहून उपस्थित करावा ही अपेक्षाही जरा भाबडी आहे. गुलाबी बोंडअळीसाठी कृषी विद्यापीठांनी आर्थिक नुकसानीची पातळी, म्हणजे जिथे फवारणी करणे गरजेचे ठरते ती मर्यादा, ठरवून दिली आहे: कामगंध सापळ्यात (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणाऱ्या सापळ्यात) सलग तीन रात्री प्रत्येक रात्री प्रति सापळा आठ पतंग सापडणे किंवा फुले व बोंडांचे दहा टक्के नुकसान दिसणे. लक्ष ठेवण्यासाठी हेक्टरी पाच सापळे पुरेसे असतात. शेतात वेगवेगळ्या झाडांवरची वीस हिरवी बोंडे तोडून फोडावीत. दोनांत अळी आढळली, तर ती पातळी गाठली गेली असे समजावे. डोमकळ्या (अळीमुळे न उमललेली, गुलाबाच्या कळीसारखी दिसणारी फुले) दिसतात का, तेही पाहावे. ही मोजणी न करता ‘खबरदारी म्हणून’ सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशके लवकर फवारली, तर मित्रकीटक मरतात आणि पांढरी माशी वाढते. मग तिच्यासाठी पुन्हा त्याच दुकानाची पायरी चढावी लागते.

एकदा खरे ठरलेले कायमचे खरे मानणे

बीटी कापसाला, म्हणजे जनुकीय बदल करून बोंडअळ्यांना मारक बनवलेल्या कापसाला, भारतात 2002 मध्ये परवानगी मिळाली. सुरुवातीला बोंडअळ्यांवर त्याचा प्रभाव स्पष्ट दिसला, त्यामुळे ‘बीटीला बोंडअळी लागत नाही’ हे वाक्य अनेकांच्या मनात पक्के बसले. पुढे गुलाबी बोंडअळीने प्रतिकारशक्ती मिळवली आणि 2017 च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यात मोठे नुकसान झाले. येथे एक गोष्ट नोंदवायला हवी: 450 ग्रॅम बियाण्याच्या पाकिटासोबत बिगर-बीटी बियाण्याचे 120 ग्रॅमचे पाकीट दिले जात होते आणि ते शेताच्या कडेने लावण्याची शिफारस होती. ते पाकीट का दिले आहे, हे बहुतेकांना कोणी समजावून सांगितले नाही आणि अनेकांनी ते लावलेच नाही. अळीत प्रतिकारशक्ती निर्माण होणे लांबणीवर टाकण्यासाठी केलेली ती व्यवस्था होती. सूचनेमागचे कारण ठाऊक नसेल, तर कोणती सूचना टाळली तरी चालेल आणि कोणती अजिबात टाळू नये, हे ओळखता येत नाही.

तुलनेसाठी काहीच न ठेवणे

टॉनिक फवारले आणि पाऊसही पडला, तर श्रेय टॉनिकला जाते. यावरचा उपाय स्वस्त आहे. नवीन खत, टॉनिक किंवा संजीवक वापरताना त्याच शेतात, बांधापासून दूर, चार-पाच ओळी त्याविना सोडाव्यात. जमीन सर्वत्र सारखी नसते, म्हणून अशा ओळी दोन ठिकाणी ठेवाव्यात. त्यांच्याशेजारच्या तेवढ्याच फवारलेल्या ओळींचा आणि या ओळींचा कापूस प्रत्येक वेचणीला वेगळा तोलून वहीत लिहावा. फरकातून खर्च निघतो का, हे त्या आकड्यांवरून समजते. ‘अमुक गावात एकरी इतके क्विंटल निघाले’ अशा यशोगाथांपेक्षा हे आकडे आपल्या जमिनीला अधिक लागू पडतात, कारण त्या गावातले पाणी आणि मातीची खोली आपल्याकडे असेलच असे नाही.

स्वतःच्या डोक्याने चुकीच्या जागी चालणे

कीटकनाशकाची मात्रा आणि मिश्रण यांबाबत मात्र प्रयोग करू नयेत. 2017 मध्येच यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना अनेकांना विषबाधा झाली आणि काहींचे प्राण गेले. संरक्षक साधनांचा अभाव आणि कीटकनाशकांची मनमानी मिश्रणे यांची त्या वेळी मोठी चर्चा झाली. ‘दोन्ही एकत्र करून टाका’ असे कोणी सांगितले, तर लेबलवर तशी शिफारस आहे का ते पाहावे आणि नसल्यास नकार द्यावा. फवारणीनंतर मळमळ, चक्कर किंवा अंधुक दिसणे सुरू झाल्यास रुग्णाला तातडीने दवाखान्यात न्यावे आणि कीटकनाशकाचा डबा व माहितीपत्रक सोबत घ्यावे, कारण उताऱ्याची माहिती त्यावर छापलेली असते.