डॉलरची टंचाई असताना लेगोसला माल पाठवायचा तर

परकीय चलन आटलेल्या देशात माल विकायचा असेल तर तयारी कोटेशनच्या आधी सुरू होते, ऑर्डर हातात पडल्यावर नाही. उदाहरण नायजेरियाचं घेऊ, आणि विकणारा पंपाचे सुटे भाग किंवा छोटी यंत्रं पाठवणारा कारखानदार आहे असं धरू. आयईसी (आयात-निर्यात कोड), एलयूटी (जीएसटी न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र), बंदरावर एडी कोडची (परकीय चलनाचे व्यवहार पाहणाऱ्या आपल्या एडी बँकेच्या कोडची) नोंद हे झालेलं असणारच. झालं नसेल तर आधी ते उरका, पुढचं वाचायची घाई नाही.

ग्राहक चांगला आहे का, हे सगळेच विचारतात. ते विचाराच, पण टंचाईत खरा प्रश्न असा असतो की ग्राहकाने नायरा, म्हणजे नायजेरियाचं चलन, भरल्यावर त्याचे डॉलर कोण करून देणार आणि कधी. लेगोसचा व्यापारी सचोटीचा असतो, ठरल्या दिवशी बँकेत रक्कम भरतो, पावतीचा फोटोही धाडतो, आणि तरी पैसे येत नाहीत, कारण त्याच्या बँकेला डॉलरच मिळत नाहीत. 2022 मध्ये एमिरेट्सने नायजेरियाची उड्डाणं थांबवली ती याच कारणाने. तिकिटं विकली जात होती, नायरा जमा होते, बाहेर नेता येत नव्हते. पुढे जून 2023 मध्ये नायजेरियाने नायरा मोकळा सोडला, म्हणजे भाव बाजारावर सोपवला. डॉलरमागे 470 च्या आसपासचा भाव काही आठवड्यांत 750 च्या पुढे गेला, 2024 च्या सुरुवातीला 1,400 ओलांडून गेला. ज्याने जुन्या भावाने बँकेत रक्कम भरून ठेवली होती त्याच्याकडे बँक फरक मागणार, तो म्हणणार मी माझं कधीच भरलं, आणि या भांडणात तुमचे कागद टेबलावर पडून राहणार.

म्हणून एलसी, म्हणजे बिनचूक कागद दिले की पैसे देऊ असं ग्राहकाच्या बँकेचं वचनपत्र, कन्फर्म्ड हवी, म्हणजे दुसऱ्या बँकेने तिच्यावर स्वतःची हमी जोडायला हवी, आणि कन्फर्म करणारी बँक नायजेरियाबाहेरची हवी. ‘इर्रिव्होकेबल’ (एकतर्फी रद्द न होणारी) हा शब्द बघून समाधान मानू नका. यूसीपी 600 या एलसीच्या आंतरराष्ट्रीय नियमांखाली प्रत्येक एलसी इर्रिव्होकेबलच असते, त्यात विशेष काही नाही. एमटी 700 चा, म्हणजे ज्या बँक-संदेशाने एलसी येते त्याचा, प्रिंटआउट समोर घ्या आणि 49 नंबरचं फील्ड शोधा. तिथे ‘विदाउट’ असेल तर कन्फर्मेशन नाही, दुरुस्ती मागवा. ‘मे ॲड’ असेल तर तुमच्या विनंतीवरून बँक कन्फर्म करू शकते, करेलच असं नाही, आणि खर्च बहुधा तुमच्या माथी. ‘कन्फर्म’ असलं तरी हुरळून जाऊ नका, तीही विनंतीच आहे. यूसीपीच्या कलम 8 प्रमाणे बँक नकार देऊन एलसी नुसती तुमच्यापर्यंत पोचवू शकते. शेवटचा निकाल लागतो तो एलसी तुम्हाला कळवणाऱ्या बँकेच्या कव्हरिंग लेटरवर. त्यात ‘वी हिअरबाय ॲड अवर कन्फर्मेशन’ (आम्ही आमची हमी जोडतो) अशा अर्थाचं वाक्य आहे, की ‘विदाउट एन्गेजमेंट ऑन अवर पार्ट’ (आमच्यावर बंधन नाही) आहे, ते बोट ठेवून वाचा. दुसरं असेल तर तुमच्या हातात फक्त लेगोसच्या बँकेचं वचन आहे. वर मुंबईच्या मोठ्या बँकेचं लेटरहेड आहे म्हणून तिने हमी घेतली असं होत नाही. एलसी कळवणं वेगळं, कन्फर्म करणं वेगळं.

हे एलसी आल्यावर बघू म्हणाल तर उशीर झालेला असतो. बँकांची प्रत्येक देशासाठी आणि त्या देशातल्या प्रत्येक बँकेसाठी मर्यादा ठरलेली असते, आणि मंदीत ती आधी आखडते, मग भरून जाते. तेव्हा कोटेशन देण्याआधीच तुमच्या बँकेच्या ट्रेड फायनान्स विभागाला विचारा की आज नायजेरियातल्या कोणत्या बँकांच्या एलसी तुम्ही कन्फर्म करता आणि काय दराने. मिळालेली नावं ग्राहकाला द्या, एलसी त्यातल्याच बँकेतून उघडायला सांगा. बँक कां-कूं करू लागली तर कैरोची अफ्रेक्झिमबँक (आफ्रिकेची निर्यात-आयात बँक), आयएफसी (जागतिक बँक गटातली संस्था), आफ्रिकन डेव्हलपमेंट बँक किंवा आपल्या एक्झिम बँकेच्या ट्रेड असिस्टन्स प्रोग्रॅमची हमी घेऊन करता येईल का, ते विचारा. या योजना बँकेमार्फतच चालतात, तुम्ही थेट अर्ज करून उपयोग नाही. दर वर्षाच्या टक्क्यांत सांगतात, पण आकारणी बहुतेक वेळा तिमाही किंवा तिच्या भागावर होते. एलसीची मुदत एखाद्या आठवड्याने पुढच्या तिमाहीत शिरली तर अख्ख्या तिमाहीचे पैसे लागतात. ही रक्कम आधीच किमतीत धरा. नंतर धरता येत नाही.

आता फॉर्म एम, म्हणजे नायजेरियाचा आयातीचा अर्ज. आयात करणारा आपल्या बँकेतून तो काढतो, आणि तो मंजूर होण्याआधी माल बोटीवर चढता कामा नये. परकीय चलनासाठी ग्राह्य आणि अग्राह्य असे त्याचे दोन प्रकार आहेत. अग्राह्य असेल तर अधिकृत बाजारातून डॉलर मिळणार नाहीत, ग्राहकाने ते स्वतः कुठून तरी आणायचे. अशा वेळी टीटीने (बँकेतून थेट हस्तांतराने) पूर्ण आगाऊ रक्कम घ्या, नाहीतर सौदा सोडा. आगाऊ रक्कम दुबईहून तिसऱ्याच्याच खात्यातून येणार असेल तर आपल्या बँकेला आधी विचारा, नंतर खुलासे लिहीत बसावं लागतं. सॉनकॅपखाली, म्हणजे नायजेरियाच्या दर्जा-तपासणी योजनेखाली, येणाऱ्या मालाला फॉर्म एमच्या आधी प्रॉडक्ट सर्टिफिकेट लागतं आणि प्रत्येक खेपेला वेगळं सॉनकॅप सर्टिफिकेट. खेपेची तपासणी कंटेनर भरण्याआधी करून घ्या. औषधं आणि खाद्यपदार्थांना नॅफडॅकची (तिथल्या अन्न-औषध नियामकाची) नोंदणी लागते, तो मोठा वेगळा विषय आहे. एचएस कोड (मालाच्या जकात-वर्गीकरणाचा) प्रोफॉर्मा, फॉर्म एम आणि इनव्हॉइस तिन्हीकडे एकच ठेवा. फॉर्म एमचा नंबर इनव्हॉइसवर हवा, आणि मूल्य व उगमाचं एकत्रित प्रमाणपत्र, ज्याला तिकडे सीसीव्हीओ म्हणतात, तेही हवं.

भाव सीआयएफ (माल, विमा, बोटीचं भाडं) देऊ नका, सीएफआर (विम्याशिवाय) द्या. नायजेरियात आयात मालाचा विमा तिथल्याच कंपनीचा लागतो. पण तो विमा ग्राहकाच्या हातात असतो, म्हणून आपल्यापुरती सेलर्स कंटिन्जन्सी पॉलिसी (ग्राहकाचा विमा कामी आला नाही तर विकणाऱ्याला संरक्षण देणारी) घेऊन ठेवा.

एलसीत दुरुस्ती आली की पुन्हा कन्फर्मेशन बघा. इथे हमखास गफलत होते. मूळ एलसी कन्फर्म्ड असते, ग्राहक रक्कम वाढवतो किंवा मुदत पुढे ढकलतो, दुरुस्ती बँकेमार्फत येते आणि सगळे धरून चालतात की हमीही आपोआप वाढली. तसं नसतं. कलम 10 प्रमाणे कन्फर्म करणारी बँक दुरुस्ती नुसती कळवून तिच्यापुरती हमी नाकारू शकते, आणि देशाची मर्यादा भरली असेल तर नाकारतेच. म्हणजे वाढीव रकमेचा माल तुम्ही बिनहमीचा पाठवता. प्रत्येक दुरुस्तीचं कव्हरिंग लेटर वेगळं वाचा. कंटेनर बुक करायच्या दिवशी शेवटचं लेटर पुन्हा काढा. फोनवर कुणीतरी ‘हो, कन्फर्म आहे’ म्हणालं याला काही अर्थ नाही, कारण तुम्ही एलसीबद्दल विचारत असता आणि तो बोटीबद्दल सांगत असतो.

कन्फर्मेशन मिळालं तरी ते बिनचूक कागदांपुरतंच असतं. एक चूक निघाली की बँक बांधील राहत नाही, कागद मंजुरीसाठी लेगोसला जातात आणि तुम्ही परत त्याच रांगेत. एमटी 700 च्या 31डी फील्डमध्ये मुदत संपण्याची जागा कन्फर्म करणाऱ्या बँकेचीच हवी, लेगोस नको. 41 नंबरच्या फील्डमध्ये पैसे देणारी बँक तीच हवी. कागद देण्याची मुदत एलसीत काही लिहिलं नसेल तर बोटीवर माल चढल्यापासून 21 दिवस, पण 48 नंबरच्या फील्डमध्ये ती कमी केलेली असू शकते. बँक तपासायला पाच कामाचे दिवस घेते. बीएल (बिल ऑफ लेडिंग, बोटीवर चढलेल्या मालाचा हक्काचा कागद) ‘टू ऑर्डर’ एलसी उघडणाऱ्या बँकेच्या नावे करा. मूळ बीएल थेट ग्राहकाला पाठवू नका, कितीही घाई असली तरी. बंदरावरचे फ्री डेज (कंटेनर दंडाशिवाय ठेवता येतो ते दिवस) शिपिंग लाइनकडून लेखी वाढवून घ्या.

ईसीजीसी (सरकारी कंपनीचा निर्यात पत विमा) घ्या, पण कन्फर्मेशनच्या ऐवजी म्हणून नको. नुकसान पूर्ण भरून मिळत नाही, दाव्याला थांबावं लागतं, आणि ग्राहकाची मर्यादा माल चढण्यापूर्वी मंजूर झालेली असावी लागते. ज्या देशात चलन अडकलंय तिथे कव्हरच मर्यादित असतं.

बाकी देशांचं थोडक्यात. घाना: डिसेंबर 2022 मध्ये सरकारने देशी कर्जरोखे बदलून घेण्याची योजना जाहीर केली, तिथल्या बँकांची पुंजी त्याच रोख्यांत होती, म्हणून एलसी उघडणाऱ्या बँकेचा ताळेबंद बघा. इथिओपिया: 29 जुलै 2024 ला तिथलं चलन बिर मोकळं सोडलं, डॉलरमागे 57 च्या घरातून काही आठवड्यांत शंभरापार. इजिप्त: एसीआयडी नंबर (तिथल्या कस्टम्सकडे मालाच्या आगाऊ नोंदणीचा) मिळाल्याशिवाय माल चढवू नका. कन्फर्मेशन सगळीकडेच.

माल विकण्याऐवजी तिथे पैसे गुंतवायचे असतील तर नायजेरियात सीसीआय, म्हणजे सर्टिफिकेट ऑफ कॅपिटल इम्पोर्टेशन. पैसे पोचल्यावर तिथल्या बँकेने ते 24 तासांत द्यायचं असतं. नसेल तर लाभांश आणि भांडवल अधिकृत बाजारातून बाहेर काढता येत नाही. भांडवल यंत्रांच्या रूपात नेत असाल तर त्याचंही सीसीआय घ्या. भारतातून पैसे पाठवण्याआधी एडी बँकेत फॉर्म एफसी (परदेशी गुंतवणुकीचा अर्ज) आणि यूआयएन (त्या गुंतवणुकीचा नोंदणी क्रमांक), पुढे दरवर्षी 31 डिसेंबरपर्यंत एपीआर (वार्षिक कामगिरी अहवाल).