टाकीच्या पाण्याचा दिवा: बसवावा कसा, तपासावा कसा

‘गच्चीवरच्या टाकीची पातळी मोबाइलवर बघा’ असं शिकवणारे व्हिडिओ ढिगाने सापडतात. त्यांतलं सर्किट बहुधा बरोबर असतं, फक्त माणसाचा पत्ता नसतो. मोटर चालू-बंद करतो वॉचमन, आणि ॲप असतं सेक्रेटरींच्या फोनवर! संगणक रोजच्या वस्तूंत मिसळून नजरेआड व्हावा, असं झेरॉक्स कंपनीच्या ‘पार्क’ (PARC) या संशोधन केंद्रातल्या मार्क वायझर यांनी १९९१ मध्येच लिहून ठेवलंय. तेव्हा ॲप विसरा आणि मोटरच्या स्विचशेजारी टाकीची पातळी दाखवणारा दिवा लावा.

आधी बघा. एक सकाळ वॉचमनकाकांबरोबर काढा. टाकी भरल्याचं त्यांना बहुतेक वेळा गच्चीवर पाणी पडल्याच्या आवाजावरूनच कळतं. लाल म्हणजे ‘टाकी रिकामी’ की ‘मोटर थांबवा’, हेही त्यांनाच विचारा. स्वतःच्या मनाने ठरवू नका.

सामान. ईएसपी३२ बोर्ड (वायफाय असलेला छोटा संगणक), जेएसएन-एसआर०४टी हा आवाजाच्या प्रतिध्वनीवरून पाण्यापर्यंतचं अंतर मोजणारा वॉटरप्रूफ सेन्सर, तीन रंगांचे एलईडी, ५ व्होल्टचा अडॅप्टर, झाकणबंद डबी. त्याच जातीचा उघडा एचसी-एसआर०४ स्वस्त पडतो, पण टाकीतल्या वाफेने गंजतो. सेन्सरची ५ व्होल्टची इको तार (रीडिंग देणारी) बोर्डाच्या ३.३ व्होल्टच्या पिनला थेट जोडू नका, मध्ये दोन रेझिस्टरचा व्होल्टेज डिव्हायडर (व्होल्टेज कमी करणारी जोडणी) घाला.

बसवणं. हा सेन्सर साधारण २० ते २५ सेंमीच्या आतलं अंतर मोजू शकत नाही, म्हणून तो भरलेल्या पातळीपेक्षा तेवढा वर हवा. पाण्याची धार आणि शिडी यांपासून लांब ठेवा. दर वेळी पाच रीडिंग घेऊन, लहान-मोठी लावून मधलं धरा. स्लॅबमधून खालपर्यंत वायफाय पोचत नसेल तर सरळ तार ओढा.

तपासणं. इथे बहुतेक जण मोजायची टेप लावून सेन्सर अचूक असल्याची खात्री करतात आणि निघून जातात. ती अर्ध्या तासाची गोष्ट झाली. खरा प्रश्न वेगळा आहे: दिव्यामुळे मोटर वेळेवर बंद व्हायला लागली का?

त्यासाठी ‘आधी’चा हिशोब लागतो. सगळं बसवा, पण दोन-तीन आठवडे दिवा झाकून ठेवा आणि नुसत्या नोंदी जमू द्या. आलेख नीट बघा: मोटर चालू असताना रेघ चढत जाते, मग वर जाऊन सपाट होते. मोटर चालू असून रेघ सपाट, ती मिनिटं म्हणजे वाहून गेलेलं पाणी. मोटर कधी चालू-बंद झाली हे कळावं म्हणून तिच्या तारेवर करंट सेन्सर लावा. रोजची सपाट मिनिटं मांडा, मग दिवा उघडा आणि पुन्हा मांडा. पाणीकपातीचे दिवस दोन्हीकडून वगळा. दिवा उघडल्यानंतरचा पहिला आठवडाही धरू नका, नव्याचे नऊ दिवस असतात ते.

‘आवडला का?’ असं विचारूच नका. ‘छान आहे हो साहेब’ याखेरीज उत्तर मिळणार नाही. काका गावी गेले की बदली वॉचमन येतो, तो तुमचा खरा परीक्षक. त्याला काहीही समजावू नका. दिवा बघून त्याचा हात स्विचकडे गेला तर जमलं, नाहीतर दिव्याची जागा किंवा रंग बदला.

मग सेन्सरची तार उपसून बघा. दिवा शेवटच्या रंगावरच राहिला तर तुमची यंत्रणा धडधडीत खोटं बोलतेय. दहा मिनिटांत ताजं रीडिंग आलं नाही, तर तिन्ही एलईडी लुकलुकले पाहिजेत. ही सोय नसेल तर दिवा लावूच नका. चुकीच्या हिरव्यापेक्षा काकांचे कान बरे.

हे जमलं की कोणीतरी फ्लॅटगणिक मीटर लावायची टूम काढतोच. पाण्याच्या आकड्यांवरून कोणाचं घर बंद आहे हे कोणालाही कळतं. आकडे कोण बघणार आणि किती दिवस ठेवणार, याचा ठराव सर्वसाधारण सभेत झाल्याशिवाय त्या कामाला हात लावू नका.