निवृत्तांची एक दिवसाची बस-सहल: आखणी थांब्यांपासून करा

सहल ठरली की पहिला प्रश्न येतो, "काय काय बघायचं?" तो दोन दिवस बाजूला ठेवा आणि कागदावर आधी थांबे लिहा. ज्येष्ठांची सहल बघायच्या ठिकाणांमुळे क्वचितच बिघडते. ती बिघडते बसच्या पायऱ्यांवर आणि स्वच्छतागृहाच्या रांगेत.

१. थांब्यांचा हिशेब

४० माणसं आणि दार एकच. एका हातात काठी, दुसरा हात दांडीवर. एकाला उतरायला २० सेकंद धरली तरी सगळे खाली यायला १३ मिनिटं लागतात. चढायलाही तेवढीच. स्वच्छतागृहं चार असली आणि प्रत्येकाला तीन मिनिटं लागली, तर शेवटचा माणूस मोकळा व्हायला अर्धा तास जातो. म्हणून "दहा मिनिटं थांबू" असं वेळापत्रकात लिहूच नका. पाऊण तास लिहा. एवढं केलंत की दिवसात मुख्य ठिकाणं दोनच बसतात. दोनच ठेवा, तिसऱ्यासाठी कुणी कितीही गळ घातली तरी.

दोन थांब्यांमधलं अंतर दीड तासाचं असावं, फार तर दोन. अवघडलेले गुडघे आणि लघवी ही कारणं उघडच आहेत. शिवाय चार तासांहून जास्त वेळ एका जागी बसून राहिलं, तर पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. बसल्या जागी टाचा आणि चवडे आळीपाळीने उचलायला सगळ्यांना सांगत राहा. चालकालाही विसावा लागतो. युरोपीय महासंघाच्या नियमानुसार साडेचार तास गाडी चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची आहे. तुमच्याकडचा नियम काहीही असो, हे माप ध्यानात ठेवा.

२. आधी स्वतः जाऊन या

शक्यतो ज्याचे गुडघे दुखतात अशाच माणसाने जावं. धडधाकट माणसाच्या नजरेला पायऱ्या पडत नाहीत. बस दारापर्यंत जाते की लांब थांबते, पायऱ्या किती, कठडा आहे का, बसायला बाक कुठे, कमोड आहे का, हे सगळं लिहून आणा. ज्यांना चढण झेपणार नाही त्यांना बसायला सावलीची जागा हेरून ठेवा, आणि कोणीतरी त्यांच्यासोबत थांबेल हेही आधीच ठरवा. एकट्याला "तुम्ही बसा, आम्ही येतोच" म्हणून मागे सोडलं की त्या माणसाची सहल तिथेच संपते.

३. पैसे

बसचं भाडं सगळ्या आसनांनी भागू नका. ४५ आसनी बस असेल तर ३५ जणांवर हिशेब बसवा, कारण शेवटच्या आठवड्यात गळती होतेच. उरलेले पैसे परत करता येतात, कमी पडलेले मागताना मात्र जीव कानकोंडा होतो.

४. आसनं

आसनं नेमून द्या. ज्यांना गाडी लागते त्यांना पुढे बसवा, म्हणजे समोरचा रस्ता दिसत राहील. सगळ्यांत कमी हादरे पुढच्या-मागच्या चाकांच्या मधोमध बसतात. पाठदुखीवाल्यांना तिथे जागा द्या. शेवटची रांग रिकामीच राहिली तर बरं. गाडी लागू नये म्हणून मनाने गोळी घेऊ देऊ नका: यातल्या बऱ्याच गोळ्यांनी उतारवयात गुंगी येते, तोल जातो, काहींना लघवी अडते. डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

५. पाणी आणि औषधं

हा भाग मला सगळ्यांत जवळचा आहे. एका सहलीत एक आजोबा दिवसभर पाण्याला शिवले नाहीत. बाटली हातात, पण झाकणाचं सील तसंच. परतताना शेवटच्या पायरीवर त्यांचे डोळे फिरले. मागच्याने दंड धरला म्हणून वाचले. सावलीत बसवल्यावर म्हणाले, "वारंवार थांबवायला लावणं बरं दिसत नाही हो." तेव्हापासून मी बस सुटतानाच पुढचे सगळे थांबे वेळेसकट मोठ्याने वाचून दाखवते. थांबा कधी आहे हे कळलं की माणसं निर्धास्तपणे पाणी पितात. वय वाढलं की तहानेची जाणीवही मंदावते, तेव्हा प्रत्येक थांब्यावरून निघताना चार घोट प्यायला लावा. ज्यांना डॉक्टरांनी पाणी मोजून सांगितलंय ते अर्थातच वगळून. लघवीची गोळी चालू असेल तर त्या दिवशी ती कधी घ्यायची, हे त्यांनी आपल्या डॉक्टरांना आधी विचारून यावं.

मधुमेह असलेल्यांचं जेवण लांबवू नका. हात थरथरले, दरदरून घाम फुटला, बोलणं असंबद्ध झालं तर साखर उतरली असं समजा. शुद्धीवर असतील तर १५ ग्रॅम, म्हणजे तीन-चार चमचे साखर पाण्यात द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा पाहा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, तात्काळ वैद्यकीय मदत बोलवा. इन्सुलिन बंद बसमध्ये किंवा डिकीत ठेवायचं नाही. उन्हात बस भट्टीसारखी तापते. औषधं प्रत्येकाने अंगाबरोबरच्या पिशवीत ठेवावीत, आणि गळ्यातल्या कार्डाच्या मागे औषधांची नावं व घरच्यांचा फोन लिहिलेला असावा.

६. मोजणी

डोकी मोजू नका, रिकाम्या आसनांकडे बघा. आसनं ठरलेली असल्याने कोण आलं नाही ते एका नजरेत कळतं. शिवाय जोड्या लावा. ज्याचा जोडीदार आला नाही त्याने हाक द्यायची. नवरा-बायकोची जोडी शक्यतो लावू नये, कारण दोघं मिळून मागे राहतात.

७. परतीला

अंधार पडायच्या आत उतरवा. एकटे राहणाऱ्यांची यादी वेगळी करा आणि घरात पोचल्यावर त्यांना फोन करायला सांगा. तासाभरात ज्यांचा फोन आला नाही, त्यांना तुम्हीच लावा. सगळ्या नावांपुढे खूण झाली की मगच यादी घडी घालून ठेवा.